‘जतन करा’ पुन्हा करडे: स्क्रीन आणि आतील स्थिती यांचा मेळ वारंवार बिघडत असेल तर

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत चादरी आणि टॉवेल तयार करणाऱ्या एका कारखान्याचे माल रवानगीचे सॉफ्टवेअर मी सांभाळतो. विंडोजवर चालणारा, सी शार्प भाषेत आणि विनफॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या खिडक्या-बटणे बनवण्याच्या साधनसंचात लिहिलेला हा साधा प्रोग्राम आहे. गोदामातील कारकून चलन उघडतो, डिझाइन क्रमांकानुसार डझन भरतो, वजनकाट्यावरून गाठीचे वजन घेतो, चलन जतन करतो आणि छापतो. या प्रोग्रामबाबत जवळपास दोन वर्षे एकच तक्रार निरनिराळ्या रूपांत येत राहिली. कधी डझन बदलूनही ‘जतन करा’ हे बटण करडेच राहायचे, कधी जतन न केलेल्या चलनावर ‘छापा’ चालू दिसायचे, तर कधी खालच्या पट्टीतील एकूण रक्कम ओळ काढून टाकल्यानंतरही तीच असायची. प्रत्येक वेळी मी एक ओळ घालून ती जागा दुरुस्त केली आणि पंधरा दिवसांत दुसरी जागा बोलू लागली.

गोदामातून येणारा फोन ठरलेला असे: “सर, बटण दबंना झालंय बघा. फॉर्म बंद करून उघडला की होतंय.” पहिल्या वाक्याकडे मी नेहमी लक्ष दिले आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले, ही माझी चूक. फॉर्म बंद करून पुन्हा उघडल्यावर सगळे जागेवर येत असेल, तर आतील माहिती शाबूत आहे आणि फॉर्म उघडताना ती वाचून बटणे लावणारा कोडही बरोबर आहे. फॉर्म उघडा असताना काही बदलले की ते वाचन पुन्हा होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कारकुनाने निदान आयते हातात दिले होते.

अखेर एका रविवारी मी संपूर्ण प्रोजेक्टमध्ये त्या एका बटणाची ‘इनेबल्ड’ प्रॉपर्टी (बटण चालू की बंद हे ठरवणारा गुणधर्म) कोठे कोठे बदलली जाते ते शोधले. सतरा ठिकाणे निघाली. डझनाच्या चौकटीतील मजकूर बदलला की चालू, जतन झाले की बंद, ओळ काढली की चालू, ग्राहक बदलला की चालू, रद्द केले की बंद, असे प्रत्येक प्रसंगाने आपापल्या परीने बटणाला सांगून ठेवले होते. पुढे ‘मागील चलनाची नक्कल करा’ ही सोय आली तेव्हा अठरावे ठिकाण लिहायचे राहून गेले. अशा रचनेत बटणाची आजची अवस्था ही शेवटी कोणता इव्हेंट (क्लिक, मजकूर बदलणे अशी घटना) धावला यावर ठरते, चलनात खरोखर काय आहे यावर ठरत नाही, आणि म्हणूनच हा दोष एकदा दुरुस्त करून संपत नाही.

उपायाकडे वळण्याआधी तपासाची एक पद्धत सांगतो, कारण चुकीच्या बाजूला दुरुस्ती केल्याने माझे बरेच महिने वाया गेले आहेत. मेळ बिघडलेला दिसला की पहिला प्रश्न असा विचारावा की, स्क्रीन खोटे बोलते आहे की आतील स्थितीच खोटी आहे? हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी मी फॉर्मवर एक गुप्त शॉर्टकट ठेवला आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एफ-बारा एकत्र दाबले की एक लहान खिडकी उघडते आणि चलनाची आतील स्थिती साध्या मजकुरात दाखवते: ओळी किती, प्रत्येक ओळीत डझन किती, मूळ नोंदीपेक्षा फरक आहे की नाही, जतन चालू आहे की नाही, वजनकाटा जोडलेला आहे की नाही. ही खिडकी कोणत्याही बाइंडिंगवर (चौकट आणि आतील माहिती आपोआप जोडणाऱ्या दुव्यावर) अवलंबून नसावी; उघडतानाच थेट ऑब्जेक्टमधून वाचून तिने मजकूर तयार करावा. खिडकीत ४६ डझन आणि चौकटीतही ४६ डझन, तरी बटण करडे, असे असेल तर कळवण्याचा दुवा तुटला आहे. चौकटीत ४६ आणि खिडकीत अजून ४० असतील, तर टंकलेले मूल्य आत पोहोचलेलेच नाही. हे दोन अगदी वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत.

दुसरा आजार आधी घेतो, कारण त्याने बिल चुकते. विनफॉर्म्समध्ये चौकट एखाद्या प्रॉपर्टीला बाइंड केली की टंकलेले मूल्य आत ढकलण्याची ठरलेली वेळ ‘ऑन-व्हॅलिडेशन’ ही असते, म्हणजे कर्सर त्या चौकटीतून बाहेर पडताना. कारकून ४० खोडून ४६ टंकतो आणि कर्सर तेथेच असताना वरच्या टूलबारवरील ‘जतन करा’ माउसने दाबतो. साधे बटण असते तर फोकस (कळफलकाचा रोख) त्याच्याकडे गेला असता, चौकटीची तपासणी होऊन ४६ आत गेले असते. परंतु टूलस्ट्रिपवरील, म्हणजे विनफॉर्म्सच्या टूलबारवरील, बटण फोकस घेतच नाही. कर्सर चौकटीतच राहतो, तपासणी होत नाही आणि चलन ४० डझनांचे जतन होते. स्क्रीनवर ४६ दिसत असल्यामुळे कोणालाही शंका येत नाही. गाठीत सहा डझन जास्त आणि कागदावर सहा डझन कमी, हा घोळ गोदामात नव्हे तर हैदराबादच्या व्यापाऱ्याकडे माल मोजताना उघड झाला. व्यापारी प्रामाणिक निघाला म्हणून कळले तरी.

यावरचा उपाय दोन ओळींचा आहे. जतन करण्याच्या कामाची सुरुवातच फॉर्मच्या ‘व्हॅलिडेट’ने आणि त्यापाठोपाठ बाइंडिंगसोर्सच्या (चौकटी आणि माहिती यांमधील मध्यस्थाच्या) ‘एंडएडिट’ने करावी. व्हिज्युअल स्टुडिओचा डिझायनर जेव्हा स्वतः जतनाचे बटण तयार करून देतो, तेव्हा तो नेमक्या याच दोन ओळी आधी घालतो. आपण हाताने बटण बनवतो तेव्हा त्या विसरतो. टंकत असतानाच बटण चालू व्हावे असे वाटत असेल, तर त्या बाइंडिंगची वेळ बदलून ‘ऑन-प्रॉपर्टी-चेंज्ड’ करता येते. मात्र रकमेच्या चौकटीत हे करू नये, कारण दशांश चिन्ह टंकताच अर्धवट आकडा आत जातो, त्याचे रूपांतर होऊन तो परत चौकटीत लिहिला जातो आणि टंकणाऱ्याचे चिन्ह गिळले जाते. डेटाग्रिडव्ह्यूमधील (ओळी-स्तंभांच्या तक्त्यातील) चेकबॉक्सचेही असेच आहे: खूण दिसते, पण दुसऱ्या चौकोनात गेल्याशिवाय मूल्य पक्के होत नाही. तेथे ‘करंट-सेल-डर्टी-स्टेट-चेंज्ड’ या इव्हेंटमध्ये ‘कमिटएडिट’ बोलावले की खूण करताक्षणी बदल आत जातो.

आता पहिला आजार, म्हणजे आत बदल झाला आणि स्क्रीनला पत्ताच नाही. येथे सर्वांत जास्त वेळा सापडणारे कारण साधे आहे: ओळी साध्या ‘लिस्ट’मध्ये ठेवलेल्या असतात. साधी लिस्ट तिच्यात काही घातले किंवा काढले तरी कोणाला कळवत नाही. तिच्या जागी ‘बाइंडिंगलिस्ट’ वापरली की ओळींची भर आणि घट कळते. पण ओळीच्या आतील डझन बदलले तर ते कळण्यासाठी त्या ओळीच्या क्लासने ‘आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड’ हा इंटरफेस (बदल झाला की कळवण्याचा करार) पाळावा लागतो. अर्धे काम करून उरलेले अर्धे सोडले की ओळ काढल्यावर एकूण बदलते आणि डझन बदलल्यावर बदलत नाही, असा चक्रावणारा अनुभव येतो. जुन्या कोडमध्ये आणखी एक सापळा असतो. प्रॉपर्टीचे नाव अवतरणात मजकूर म्हणून लिहिलेले असते आणि कोणीतरी पुढे प्रॉपर्टीचे नाव बदलते. कंपायलर काही बोलत नाही, सूचना जुन्या नावाने जात राहते आणि ऐकणारे कोणीच नसते. सी शार्पच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, प्रॉपर्टीचे नाव कंपायलरकडून तपासून घेणारा ‘नेमऑफ’ उपलब्ध आहे. तो वापरला की नाव चुकले तर प्रोग्राम तयारच होत नाही.

दोन्ही आजार बरे केल्यावरही एक प्रकार माझ्याकडे उरला होता आणि तोच मला सर्वांत बोधक वाटतो. ‘ई-वे बिल’ (माल वाहतुकीसाठी जीएसटीखाली लागणारी ऑनलाइन नोंद) हे बटण मालाचे मूल्य ५०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तरच चालू व्हावे, अशी परराज्यात जाणाऱ्या मालासाठीची अट मी घातली होती. एका चलनात मालाची रक्कम ४८,५०० रुपये होती. त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे २,४२५ रुपये मिळवले की ५०,९२५ होतात, आणि ई-वे बिलासाठी मूल्य मोजताना कर धरावा लागतो. तरीही बटण बंद. कारण मी ‘ई-वे लागते’ अशी एक होय-नाही खूण स्वतंत्र साठवली होती आणि ती ओळी भरताना, कर लागण्याच्या आधी, ठरवली जात होती. कर नंतर लागला, एकूण रक्कम वाढली, खूण मात्र मागेच राहिली. दर बदलला, सूट दिली, ग्राहकाचे राज्य बदलले, या प्रत्येक वेळी ती खूण पुन्हा ठरवण्याची आठवण ठेवणे ही मी स्वतःवर ओढवून घेतलेली जबाबदारी होती. जी गोष्ट इतर गोष्टींवरून काढता येते ती साठवू नये. मी ती खूण काढून टाकली आणि तिच्या जागी विचारल्यावर हिशेब करून उत्तर देणारी प्रॉपर्टी लिहिली. त्यानंतर त्या बटणाबद्दल फोन आलेला नाही.

हाच विचार पुढे नेला की मुख्य उपाय मिळतो. सतराही ठिकाणांवरील बटणाचा उल्लेख पुसून टाकावा आणि ‘स्क्रीन लावा’ अशा नावाचे एकच फंक्शन लिहावे. त्याने आतील स्थिती वाचावी आणि त्या स्थितीत प्रत्येक बटण, मेनू, पट्टी आणि शीर्षक कसे असायला हवे ते ठरवावे. ‘जतन करा’ चालू केव्हा? मूळ नोंदीपेक्षा फरक आहे, किमान एक ओळ आहे, ग्राहक निवडलेला आहे आणि या क्षणी जतन चालू नाही, तेव्हा. या चार अटी एकाच वाक्यात, एकाच जागी लिहिलेल्या असल्या की नवी सोय आली तरी ते वाक्य बदलत नाही. इव्हेंट हाताळणाऱ्या कोडने फक्त स्थिती बदलावी. बटणाला हात लावायचा नाही, अशी शिस्त मी पाळतो.

ही कल्पना माझी नाही आणि नवीही नाही. नव्वदच्या दशकात एमएफसी या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सी++ साधनसंचात काम केलेल्यांना ‘अपडेट कमांड यूआय’ आठवत असेल: मेनू उघडण्याच्या क्षणी आणि टूलबारसाठी मोकळ्या वेळात फ्रेमवर्क स्वतः विचारायचे की ही आज्ञा आता चालू असावी का. १९९८ च्या डेल्फी ४ या प्रोग्रामिंग साधनात ॲक्शन लिस्ट आली. एकाच ॲक्शनला मेनू, टूलबार आणि शॉर्टकट जोडायचे आणि तिच्या ‘ऑनअपडेट’मध्ये अट लिहायची. क्यूटी या साधनसंचातील ‘क्यूॲक्शन’ आणि डब्ल्यूपीएफ या विनफॉर्म्सनंतरच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनसंचातील ‘कॅनएक्झिक्यूट’ हे त्याच कुळातील आहेत. विनफॉर्म्सच्या जुन्या स्वरूपात मात्र अशी तयार सोय नव्हती, आणि माझ्या मते या एका उणिवेने आपल्याकडच्या कितीतरी बिलिंग प्रोग्रामांना हा रोग लावला आहे.

हे फंक्शन बोलवावे केव्हा, याची दोन उत्तरे आहेत. स्थितीत बदल झाल्याची सूचना सगळीकडून नीट येत असेल तर त्या सूचनेवर बोलवावे. जुना, पसरलेला कोड असेल तर ‘ॲप्लिकेशन’ क्लासच्या ‘आयडल’ इव्हेंटवर बोलवावे. संदेशांची रांग रिकामी होऊन प्रोग्राम स्वस्थ होण्याच्या बेतात असताना तो धावतो, त्यामुळे कारकुनाच्या प्रत्येक कृतीनंतर स्क्रीन आपोआप ताजी होते. मी दुसरा मार्ग घेतला. त्यात तीन पथ्ये पाळावी लागली. फंक्शन हलके हवे, त्यात डेटाबेसला एकही प्रश्न विचारायचा नाही. माझ्याकडून पहिल्याच आठवड्यात शिल्लक माल विचारणारी एक क्वेरी त्यात राहिली होती आणि माउस हलवला तरी सर्व्हर धापा टाकत होता. यादी पुन्हा भरण्यासारखी कामे, खरोखर फरक असेल तरच करायची. नाहीतर निवडलेली ओळ हातातून निसटते. आणि हा इव्हेंट स्टॅटिक (एका फॉर्मचा नसून साऱ्या प्रोग्रामचा) असल्यामुळे फॉर्म बंद होताना त्यापासून नाते तोडायचे. अन्यथा बंद झालेला फॉर्म स्मरणात अडकून राहतो आणि मेलेल्या बटणांना आज्ञा देत राहतो.

डब्ल्यूपीएफ वापरणाऱ्यांना याचेच एक वेगळे रूप भेटते: पार्श्वभूमीतील काम संपते, अट पूर्ण होते, तरी बटण करडे, आणि स्क्रीनवर कोठेही क्लिक केले की एकदम जिवंत. ‘कमांडमॅनेजर’ अटींची फेरतपासणी फोकस, कळ, क्लिक अशा हालचालींवर सुचवतो. पार्श्वभूमीतील काम संपल्याचे त्याला कळत नाही. काम संपल्यावर मुख्य थ्रेडवरून (स्क्रीन सांभाळणाऱ्या कामाच्या धाग्यावरून) ‘इनव्हॅलिडेट-रिक्वेरी-सजेस्टेड’ बोलावले की प्रश्न सुटतो.

‘फरक आहे’ हे कसे ठरवावे, यावर थोडे थांबतो. बहुतेक जण मजकूर बदलला की एक झेंडा वर करतात. मग चलन उघडताना आपलाच कोड चौकटी भरतो, चौकटी ‘बदललो’ असे ओरडतात आणि नुकत्याच उघडलेल्या, कोणी स्पर्शही न केलेल्या चलनावर ‘जतन करा’ चालू दिसते. बंद करताना ‘बदल जतन करायचे का?’ असा प्रश्न येतो आणि कारकून हळूहळू तो न वाचताच ‘नाही’ म्हणायला शिकतो. भरणे चालू असल्याची खूण ठेवून इव्हेंट दाबता येतात. मग ती खूण ‘फायनली’मध्ये (चूक झाली तरी शेवटी धावणाऱ्या भागात) उतरवावी, नाहीतर मध्येच चूक झाली की फॉर्म कायमचा बहिरा होतो. मला मात्र झेंड्यापेक्षा तुलना बरी वाटते. उघडताना चलनाची एक प्रत बाजूला ठेवावी आणि विचारल्यावर दोन्हींची तुलना करावी. ४० चे ४६ केले आणि पुन्हा ४० केले, तर बटण आपोआप करडे होते. वीस-पंचवीस ओळींच्या चलनात ही तुलना जाणवतही नाही.

वजनकाट्याचा भाग वेगळा आहे. सिरियल पोर्टवरून वजन आल्याचा इव्हेंट मुख्य थ्रेडवर येत नाही, त्यामुळे तेथून थेट लेबलला हात लावणे चूक. गंमत अशी की विनफॉर्म्स या चुकीबद्दल अपवाद (एक्सेप्शन) उभा करते ते मूलतः डीबगर, म्हणजे चुका शोधण्याचे साधन, जोडलेला असतानाच. गोदामातील संगणकावर तोच कोड बिनतक्रार चालतो आणि कधीतरी, कारण न सांगता, वजन अर्धे रंगते किंवा फॉर्म गोठतो. म्हणून ‘बिगिनइनव्होक’ने काम मुख्य थ्रेडकडे सोपवावे. ‘इनव्होक’ वापरले तर फॉर्म बंद करताना गाठ बसू शकते: पोर्ट बंद करणारा मुख्य थ्रेड इव्हेंट संपण्याची वाट पाहतो आणि इव्हेंट मुख्य थ्रेडची. आमच्याकडे संध्याकाळी संगणक बंद करताना प्रोग्राम लटकायचा तो यामुळेच, आणि दोष बराच काळ बिचाऱ्या यूपीएसला लागत होता.

सगळे बसल्यानंतर एक नवी तक्रार आली, ती बरोबर चालणाऱ्या बटणाची. गोदामात माउस कमी आणि एंटर जास्त चालते. टूलबारशिवाय फॉर्मवरही ‘जतन करा’चे एक साधे बटण आहे; कारकून त्यावर एंटर दाबतो, बोट दुसऱ्यांदा सवयीने पडते. पहिल्या एंटरने जतन सुरू झाले, ‘स्क्रीन लावा’ने बटण लगेच बंद केले, आणि ज्या बटणावर फोकस आहे तेच बंद झाले की विनफॉर्म्स फोकस टॅबक्रमातील पुढच्या घटकाकडे सरकवते. पुढचे बटण होते ‘चलन रद्द करा’. दुसरे एंटर त्यावर पडले. सुदैवाने तेथे खात्रीचा प्रश्न होता, पण त्याचे ठरलेले उत्तर ‘होय’ ठेवण्याचा शहाणपणा मीच केला होता. आता बटण बंद करण्याआधी फोकस मुद्दाम ओळींच्या तक्त्याकडे नेतो, ‘रद्द’ टॅबक्रमात शेवटी आहे आणि प्रश्नाचे ठरलेले उत्तर ‘नाही’ आहे.

अशा साध्या बटणावर ते बंद असताना टूलटिप (माउस नेल्यावर दिसणारी सूचना) दिसत नाही, कारण बंद घटकाला माउसच्या हालचाली मिळत नाहीत. त्यामुळे बटण का बंद आहे हे कारकुनाला विचारता येत नाही आणि तो मला फोन करतो. ज्या अटींनी बटण बंद केले, त्यांतील पहिली न जुळलेली अट आता त्याच फंक्शनमधून खालच्या पट्टीत मराठीत लिहिली जाते: ‘ग्राहक निवडलेला नाही’, ‘बदल केलेला नाही’, ‘जतन चालू आहे’. नवी पेठेतील कार्यालयात तेच चलन दुसऱ्या कोणी उघडून आधी जतन केले असेल तर काय, हा प्रश्न या फंक्शनच्या आवाक्याबाहेरचा आहे. तेथे डेटाबेसमधील रो-व्हर्जन स्तंभ (नोंद बदलली की आपोआप बदलणारा) जतनाच्या वेळी तपासावा आणि जुळला नाही तर चलन ताजे करून दाखवावे.

मागच्या आठवड्यात गोदामातून पुन्हा फोन आला. “सर, बटण करडंच आहे, पण खाली ‘ग्राहक निवडलेला नाही’ म्हणतंय. मी निवडतो, ठेवतो.”